चकचकीत पानं

थोरली आणि धाकटी, दोन सख्ख्या भावांच्या बायका. राहायच्या एका घरात, शिकवायच्या एका शाळेत, पण सकाळी शाळेला निघाल्या की चालायच्या रस्त्याच्या दोन कडांनी. मधून गाड्या जात. थोरलीला ते बरं वाटे. तेवढंच काहीतरी दोघींच्या मध्ये असे.

थोरली चित्रकला शिकवायची, धाकटी इंग्रजी. पोरं एकीला रंगबाई म्हणत, दुसरीला कार्डबाई. धाकटीच्या हातात कायम कार्डांचा गठ्ठा: वर चित्र, खाली इंग्रजी शब्द आणि दोन्हींवर प्लॅस्टिकचा चकचकीत थर. शाळेनं तिला लॅमिनेशनचं यंत्र घेऊन दिलं होतं, आणि ते ती घरीही घेऊन यायची. सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, गॅसवाल्याचा नंबर, पाणी यायची वेळ, सगळं त्या यंत्रातून निघून भिंतीवर चिकटलं होतं.

“मामंजींना सांगून ठेवा, जपून झोपा म्हणावं,” थोरली नवऱ्याला म्हणायची. “एखाद्या दिवशी त्यांनाही त्यातून काढील ती.”

नवरा हसायचा नाही. भावाच्या बायकोवर हसावं की नाही, हे त्याला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं.

भांडणाचं मूळ होती चित्रकलेची खोली. तळमजल्याच्या टोकाला, लांब बाकांची, दोन नळांची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली, आणि तिच्यावर पोरांची ओली चित्रं चिमट्यांना लटकून वाळत. धाकटीची खोकी मात्र जिन्याखाली. तिथं ओल यायची, कार्डं फुगायची. एकदा ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “ताई, तुमचं एक कपाट रिकामं आहे. माझी खोकी ठेवू का?”

“रिकामं नाही,” थोरली म्हणाली होती. “त्यात जागा आहे.”

त्या दिवसापासून धाकटीनं ताई म्हणणं सोडलं. घरी जाऊबाई आणि शाळेत मॅडम. ओलीपासून वाचवायला म्हणूनच तिनं मग कार्डांवर प्लॅस्टिक चढवायला सुरुवात केली.

आणि एक दिवस वरून फर्मान आलं: चित्रकलाही इंग्रजीतून शिकवायची, विज्ञानही, भूगोलही. साहित्य धाकटीनं तयार करायचं. मोठ्या सरांनी दोघींना समोर बसवलं. सर भांडणाला भारी घाबरत, म्हणून टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बोलले.

“शिक्षण कार्यालयातून बाई येताहेत. तुम्ही दोघी मिळून एक तास घ्या. चित्रकलेला वेगळी खोली हवी की वर्गातल्या वर्गात भागेल, ते त्या तास बघून ठरवतील. वर्गात भागत असेल तर ही खोली इंग्रजीच्या साहित्याला द्यायची.”

म्हणजे खोली एकीलाच मिळणार. दोघींनी मान हलवली, एकमेकींकडे न बघता.

ठरलं असं की झाडाचं पान रंगवायचं. धाकटीनं जाड कागदावर पानाची रेघ छापायची, भोवती इंग्रजी शब्द: देठ, शीर, कडा. थोरलीनं पाण्याच्या रंगांनी ते कसं भरायचं ते दाखवायचं.

आदल्या संध्याकाळी थोरली स्वयंपाकघरात आली तर जेवणाच्या टेबलावर पानांचा गठ्ठा. कागद जाड, रेघ सुबक, आणि प्रत्येकावर प्लॅस्टिक. अजून कोमट होतं. सवयीनं, हातासरशी, धाकटीनं सगळा गठ्ठा यंत्रातून काढला होता.

थोरलीनं वरच्या पानावरून बोट फिरवलं. बोट काचेवरून सरकावं तसं सरकलं. यावर पाण्याचा रंग एक क्षणही ठरणार नव्हता.

धाकटी ओट्याशी भाजी चिरत होती. पाठमोरीच म्हणाली, “ठीक आहेत ना?”

आता नुसतं सांगायचं होतं. रात्र हाताशी होती, कागद कपाटात होते. पण थोरलीच्या डोळ्यांसमोर उद्याचा वर्ग उभा राहिला: ओघळणारा रंग, पाहुण्या बाईंच्या कपाळावरची आठी, आणि धाकटीचा उतरलेला चेहरा. मग कळेल सगळ्यांना, रंगाला कागद लागतो, नळ लागतो, दोरी लागते.

“सुबक झालीत,” ती म्हणाली. “तुझ्या हाताला वळण आहे.”

धाकटीची सुरी थांबली. या घरात तिनं असं वाक्य ऐकलं नव्हतं. मग ती पुन्हा चिरायला लागली, जरा हळू.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई मागच्या बाकावर बसल्या, शेजारी मोठे सर. थोरलीनं ब्रश कसा भिजवायचा ते दाखवलं. पोरांनी ब्रश टेकवले, आणि हिरव्या रंगाचे मणी झाले. मणी घरंगळले, बाकावर सांडले. धाकटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिनं थोरलीकडे पाहिलं, तर थोरली खिडकीबाहेर बघत होती. त्या बघण्यातच तिला सगळं कळलं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीनं बाहीनं पान पुसलं. पान कोरं. तिनं पुन्हा रंगवलं, पुन्हा पुसलं आणि खुदकन हसली.

“अगेन,” ती म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

धाकटीनं ते हवेतच झेललं. “वाइप,” ती म्हणाली. “नाऊ पेंट द स्टेम.” पोरांनी देठ रंगवला. “वाइप. नाऊ द एज.” वर्गाला खेळच सापडला. इंग्रजीच्या तासाला बाकाखाली तोंड लपवणारी पोरं ओरडून शब्द मागायला लागली. बाह्या हिरव्या झाल्या.

तास संपला तेव्हा पाहुण्या बाई उठून पुढे आल्या. “किती छान युक्ती. कागद वाया नाही, वाळवणं नाही. कुठल्याही वर्गात होईल.” त्यांनी वर बघितलं. “ही दोरी कशाला?”

“चित्रं वाळायला,” थोरली म्हणाली. “बाई, पण चित्र कुठंय? पोरं घरी काय नेणार?”

“शब्द नेतील,” बाई हसून म्हणाल्या. मोठ्या सरांनी लगेच मान डोलावली.

शनिवारी शाळा सुटल्यावर थोरली खोली रिकामी करत होती. धाकटी पहिलं खोकं घेऊन आली आणि ते तिनं त्याच कपाटात ठेवलं.

“तुम्हाला आदल्या दिवशीच दिसलं होतं,” ती म्हणाली.

“दिसलं होतं.”

“आणि वर माझ्या हाताचं कौतुक केलंत. मला रात्रभर बरं वाटत होतं, जाऊबाई.” आवाज चढला नव्हता. “एक शब्द बोलला असतात तर मी रात्रीतून पानं कोऱ्या कागदावर छापली असती. बाई आल्या तेव्हा दोरीभर ओली पानं दिसली असती त्यांना. खोली तुमच्याकडेच राहिली असती.”

थोरली डुगडुगत्या स्टुलावर चढून दोरीची मधली गाठ सोडवत होती. वर्षानुवर्षांचा रंग त्या गाठीत सुकला होता. ती सुटेना.

“दोरी राहू दे,” धाकटी म्हणाली. “मला तक्ते टांगायला होईल.”

थोरलीनं एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि दोरी मधोमध कापली. दोन तुकडे दोन भिंतींवर लोंबायला लागले. कुठलाच तुकडा समोरच्या भिंतीपर्यंत पोचणार नव्हता.

धाकटीनं दोन्हींकडे पाहिलं. “आजही तेच केलंत,” ती म्हणाली, आणि दुसरं खोकं आणायला जिन्याकडे गेली.

थोरली स्टुलावरच उभी राहिली. हातात कात्री होती, आणि खाली उतरायला कोणाचा तरी हात लागणार होता.