मनोऱ्यावर गेलेली तिपाई

मित्रांनो, मी घडीची तिपाई आहे. जुनी आहे, हे मान्य. पण कुणी मला 'बिचारी' म्हटलेलं मी खपवून घेणार नाही. माझे तिन्ही पाय शाबूत आहेत. खडबडीत जमिनीवर चार पायांची खुर्ची डुगडुगते, मी डुगडुगत नाही. खोटं वाटत असेल तर करून बघा.

माझा जन्म बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथल्या एका फिटरने फावड्याचे मोडके दांडे तासून माझे पाय केले. तिन्ही पायांना मध्यभागी बांधणारा बोल्ट लेथवर स्वतः कातला. बसायला जाड कातड्याचा तिकोनी तुकडा शिवला. घडी केली की मी काठ्यांच्या जुडीसारखी दिसते आणि सहज काखेत मावते. हे सगळं त्यांनी जेवणाच्या सुट्टीत केलं, आणि तेही बायकोसाठी.

त्यांची बायको कापडाच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. त्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक असो वा नसो, काउंटरवरच्या बायकांनी बसायचं नाही. ताईंनी मला काउंटरमागे उघडलं आणि त्या बसल्या. मालक धावत आले.

"हे काय?"

"तिपाई."

"आपल्याकडे बसायची पद्धत नाही."

"म्हणूनच घरून आणली," ताई म्हणाल्या.

मालकांनी मला गोदामात टाकलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला बाहेर काढलं. मालकांनी पुन्हा टाकलं, ताईंनी पुन्हा काढलं. असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी मालकांनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि ते गिऱ्हाइकाशी बोलायला निघून गेले. महिन्याभरात काउंटरवरची प्रत्येक बाई पाळीपाळीने माझ्यावर बसू लागली. पण मित्रांनो, मी उशिरा आले. तोवर ताईंच्या गुडघ्यांनी सोळा वर्षं उभ्याने काढली होती.

ताईंनी नोकरी सोडल्यावर माझं काम संपलं. चार वर्षं मी कपाटामागे उभी होते. धूळ बसली, कातडं कडक झालं. मग ताईंचा उजवा गुडघा इतका बिघडला, की डॉक्टरांनी मोठ्या शहरातल्या रुग्णालयात जाऊन ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं. शहरात ताईंचा धाकटा भाऊ राहत होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "सरळ माझ्याकडे या." निघताना फिटरनी मला कपाटामागून ओढून काढलं, पुसलं आणि काखेत घेतलं.

सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात पाऊल टाकताच भावाने मला पाहिलं. "भाऊजी, हे लटांबर कशाला आणलंत? आमच्याकडे खुर्च्या नाहीत का?" असं म्हणून त्याने मला बाल्कनीत, धुण्याच्या मशीनच्या पाठीमागे सारलं. लटांबर! मी मनातल्या मनात त्याचं नाव लिहून ठेवलं.

ऑपरेशन शुक्रवारी होतं. मंगळवारी तपासण्या झाल्या. ताईंनी डॉक्टरांना विचारलं, "यानंतर मी जिने चढेन ना?"

डॉक्टर सरळ मनाचे होते. म्हणाले, "दुखणं जाईल. जिन्यांचं मी आज सांगू शकत नाही."

तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून शहराचा घड्याळाचा मनोरा दिसत होता. घरी बाल्कनीतूनही तो दिसला, तेव्हा ताई भावाला म्हणाल्या, "मला त्या मनोऱ्यावर जायचंय."

"ताई, तिथे लिफ्ट नाही. एकशे अडुसष्ट पायऱ्या आहेत! तू बरी हो, मग गाडीने नेऊन खालून दाखवतो."

"खालून तर तो आत्ताही दिसतोय," ताई म्हणाल्या.

भावाने विषय संपवला. तो वाईट माणूस नव्हता. ताईंनीच त्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं, आणि आता त्याला वाटत होतं, की तिला गादीवर बसवून ठेवलं म्हणजे परतफेड झाली.

बुधवारी सकाळी तो दुकानात गेला. त्याची बायको स्वयंपाकघरातून आली आणि तिने ताईंच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर मनोऱ्याकडे जाणाऱ्या बसचा नंबर होता. "मी तुम्हाला काही सांगितलं नाही हं, ताई," ती म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन स्वतःच्या हातांनी मला घेऊन आली.

अशी आमची शहराची सहल सुरू झाली. आधी आम्ही चित्रांच्या संग्रहालयात गेलो, कारण ते बसथांब्यासमोरच होतं. एका लांबच लांब दालनात समुद्राचं एक मोठं चित्र होतं. ताईंनी त्यापुढे मला उघडलं. लगेच पहारेकरी आला.

"बाई, इथे बसायला मनाई आहे."

"आणि मला उभं राहायला मनाई आहे, डॉक्टरांची," ताई म्हणाल्या. "आता तुम्ही दोघं आपसात ठरवा."

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. मग तो हळूच म्हणाला, "साहेब बारा वाजता येतात." आम्ही पावणेबारापर्यंत समुद्र पाहिला.

मनोऱ्याच्या दारात मात्र तिकीट देणाऱ्या बाई ऐकेनात. "ही तिपाई वर नेता येणार नाही. जिना अरुंद आहे." ताई काही बोलणार, इतक्यात फिटर पुढे झाले. हा माणूस हॉटेलात थंड चहा आला तरी मुकाट्याने पिणारा.

"बाई," ते म्हणाले, "बत्तीस वर्षं वर्कशॉपमध्ये मी कुणाला उलट बोललो नाही. आज बोलायला लावू नका."

तिकीटवाल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताईंच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि तिकिटं फाडून दिली.

दर एकवीस पायऱ्यांनी जिन्याला एक वळण होतं. फिटर पुढे जायचे, वळणावर मला उघडायचे, आणि ताई कठडा धरून एकेक पायरी चढत येऊन माझ्यावर बसायच्या. पाचव्या वळणावर त्या इतक्या जोरात बसल्या की माझा बोल्ट वाकला. मला कळ आली. पण मी मोडले नाही. मोडायचंच असतं तर मी दुकानाच्या गोदामात मोडले असते.

मागून एक गृहस्थ घाईने आले. "आजी, अशा वेळी घरी बसायचं असतं," ते म्हणाले.

"बसलेच आहे की," ताई धापा टाकत म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा."

चढायला सव्वा तास लागला. वर जोराचा वारा होता. खाली छपरं, पूल, आगगाडीचे रूळ, मुंगीएवढ्या गाड्या. फिटर घड्याळाची दातेरी चाकं बघून खुळावले. ताईंनी रुग्णालयाची इमारत शोधून काढली. गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. ताईंनी तिच्याकडे बोट दाखवलं. "शुक्रवारी बघते तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. मग उठून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसा आता." मला बनवणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर बसला.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण निघालं. सहाव्या वळणाखाली ताईंचा गुडघा जखडला. पाय सरळही होईना आणि वाकेनाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. फिटरच्या हातातून मी निसटून चार पायऱ्या खाली घरंगळले. आवाज ऐकून खालून मनोऱ्याचा पहारेकरी आला आणि म्हणाला, "स्ट्रेचर मागवतो."

"स्ट्रेचर शुक्रवारी," ताई दात आवळून म्हणाल्या. "आज नाही."

त्या पायरीवरच बसल्या. हातांवर भार देऊन बसल्या बसल्याच एक पायरी खाली सरकल्या. मग आणखी एक. येणारे-जाणारे बघत होते. ताईंनी कुणाकडेही पाहिलं नाही. शंभराहून जास्त पायऱ्या त्या अशा उतरल्या.

खाली भाऊ उभा होता. उशीर झाला तशी त्याची बायको घाबरली होती आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" तो ओरडला. "तुला काही झालं असतं तर?"

"तर ते मनोऱ्यावर झालं असतं," ताई म्हणाल्या. "तुझ्या गादीवर नाही."

"मी तुझी काळजी करतो, ताई!"

"करतोस रे. पण तुझी काळजी बाहेरून कडी लावते."

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो खाली वाकला आणि त्याने ताईंचे धुळीने माखलेले कपडे झटकले.

"काय दिसलं वरून?" त्याने विचारलं.

"तू कधी गेला नाहीस?"

"बावीस वर्षं राहतोय इथे. नाही गेलो."

शुक्रवारी ऑपरेशन झालं. रुग्णालयात सोबतीच्या माणसासाठी खुर्ची नव्हती. चार दिवस भाऊ ताईंच्या खाटेशेजारी माझ्यावर बसून होता. 'लटांबर' हा शब्द त्याने पुन्हा काढला नाही.

आता खरं ते सांगते. दुखणं गेलं, पण गुडघा पूर्वीसारखा वाकत नाही. ताई सपाट रस्त्यावर छान चालतात, पण चार पायऱ्यांवर पाचवी त्यांना जमत नाही. त्या बुधवारी गेल्या नसत्या, तर मनोरा कायमचा राहून गेला असता. बरी झालीस की जाऊ, बरी झालीस की जाऊ, असं म्हणत सगळ्यांनी त्यांना प्रेमाने फसवलं असतं.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना आणि जुन्या माणसांना जपा, जरूर जपा. पण जपायचं म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. आमची धूळ पुसा, आमचे बोल्ट घट्ट करा आणि आम्हाला बाहेर काढा. आम्ही वाकू, कुरकुरू, कदाचित वाटेत अडकूही. ते आमचं आम्ही बघू.

काल भावाचा फोन आला होता. "ताई, इथल्या तळ्यात होड्या सुरू झाल्यात," तो म्हणाला. "होडीला जिना नसतो. कधी येतेस? आणि ती तिपाई आण. तळ्याकाठी रांग मोठी असते."

फिटर सकाळपासून माझ्या बोल्टला तेल घालत आहेत.