उसनी जीभ

"ताई, हे लिंबू बघा जरा. बरं आहे ना?"

बार सांभाळणाऱ्या मास्तरांनी अर्धं कापलेलं लिंबू माझ्यापुढे धरलं. मी मोरीपाशी ग्लास विसळत होते. तिथूनच मला त्याचा कुबट वास आला. लिंबू आतून नासलं होतं, आणि ते मास्तरांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं.

"सकाळी सकाळी थट्टा करता का गरिबाची?"

ते हसले नाहीत. लिंबू टोपलीत टाकून त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तापातून उठल्यापासून वास येत नाही. चवही गेली. मीठ काय, साखर काय, वाळूच. कुणाला बोलू नका."

ताप येऊन दोन महिने होत आले होते. म्हणजे दोन महिने हा माणूस नुसत्या सवयीवर काउंटर चालवत होता.

आमच्या हॉटेलचा बार मार्गारीटा या कॉकटेलसाठी ओळखला जायचा, आणि मार्गारीटा करावी तर मास्तरांनीच. तिची रीत सांगायला सोपी. दोन माप टकिला, एक माप संत्र्याच्या सालीची गोड दारू, एक माप ताज्या लिंबाचा रस. झाकणाच्या डब्यात बर्फ घालून हलवायचं, गाळून ओतायचं. मीठ ग्लासच्या अर्ध्याच कडेला. ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती कशाला, असं मास्तरांचं म्हणणं. कुणाला ती बर्फाच्या खड्यांवर हवी असे, कुणाला बर्फासकट दळून. दळलेली मागितली की मास्तर देत, पण चेहरा असा करत, जणू समोरच्याने त्यांच्या मुलीला नावं ठेवली.

ही पहिल्यांदा कुणी केली, असं गिऱ्हाइकाने विचारलं की मास्तर खुलत. एकाला सांगत, मेक्सिकोच्या सीमेवर एक नाचणारी बाई होती, तिला टकिलाशिवाय कुठलीच दारू सोसत नव्हती, तिच्यासाठी केली. दुसऱ्याला सांगत, एका श्रीमंत बाईने घरच्या पाहुण्यांसाठी मिसळली. तिसऱ्याला सांगत, बारवाल्याने चुकून भलतीच बाटली उचलली. एकदा मी विचारलं, "यातलं खरं कोणतं?"

"ज्याला जे पटेल ते," ते म्हणाले. "आंबट, गोड, खारट एकत्र करणं बायका आधीपासून करतच होत्या की. कुणा पुरुषाने त्यात दारू ओतली आणि शोध लावला म्हणून मिरवला."

त्या नासक्या लिंबाच्या दिवशी मात्र ते काउंटरला टेकून नुसते उभे होते. मग म्हणाले, "ताई, रोज एक घोट चाखून सांगाल? फक्त बरोबर की चूक."

मी हातातला ग्लास खाली ठेवला. माझा नवरा दारूने गेला. शेवटी शेवटी त्याच्या घामालाही तोच वास यायचा. त्याला घरातून उचलून नेलं त्या दिवशी मी ठरवलं होतं, या वस्तूचा थेंबही जिभेवर ठेवायचा नाही. तेरा वर्षं दुसऱ्यांचे उष्टे ग्लास धुतले, पण तो शब्द पाळला. मास्तरांना हे ठाऊक होतं. याच बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवून, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी मला अक्षरं शिकवली होती. म्हणून नाही म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"चुकलंच माझं," ते म्हणाले आणि फडकं घेऊन कोरडाच काउंटर पुसत बसले.

रात्रभर मला ते डाचत राहिलं. सकाळी आल्या आल्या मी विचारलं, "मास्तर, टकिला काल होती तीच आज असते ना?"

"बाटलीतली आहे. ती कशाला बदलेल?"

"आणि ती गोड दारू?"

"तीही तीच."

"मग रोज बदलतं काय?"

त्यांनी लिंबांच्या टोपलीकडे पाहिलं. "लिंबू," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज बार उघडण्याआधी मी लिंबं पिळायची. तीन चमचे पाणी, एक चमचा रस, चिमूटभर साखर. ते जिभेवर धरायचं आणि सांगायचं. "आज पाव माप कमी घ्या." "आजची पाणचट आहेत, थोडा वाढवा." मास्तर त्याप्रमाणे माप ठरवायचे. पाच महिने एकाही गिऱ्हाइकाने ग्लास परत पाठवला नाही.

मग नवे मालक आले, आणि त्यांच्यामागून त्यांचा मेहुणा. मेहुण्याने बाटलीतला तयार आंबटगोड रस आणला होता. "लिंबं पिळत बसायचे दिवस गेले, भाऊजी," तो म्हणाला. दुपारी बार रिकामा असताना त्याने दोन मार्गारीटा केल्या, एक ताज्या रसाची, एक बाटलीतल्या रसाची. मालकांना फरक कळेना.

"मास्तर ओळखतील," मालक म्हणाले. "ताज्या रसाची ओळखली तर लिंबं राहतील आणि काउंटरही तुमचा. नाहीतर मेहुणा बघेल."

मास्तरांनी दोन्ही ग्लासांतून एकेक घोट घेतला. पुन्हा घेतला. मग ग्लास उजेडात धरून पाहिले. दिसायला दोन्ही सारख्याच.

"एवढा विचार? लग्न ठरवायचंय का?" मेहुणा हसला. मग माझ्याकडे वळला. "या मावशी रोज चमच्याने काहीतरी चाखत असतात. त्यांनाच विचारू. घ्या मावशी."

त्याने ग्लास माझ्या हातात दिला. मास्तरांची सव्वीस वर्षं त्या एका घोटावर येऊन थांबली होती. मी ग्लास उचलला. मी प्यायले असते. आजही सांगते, प्यायले असते.

ओठाला लागायच्या आत मास्तरांचा तळवा ग्लासच्या तोंडावर आला.

"त्या पीत नाहीत," ते म्हणाले. "आणि मला चव लागत नाही. सात महिने झाले."

  मालक खाकरले. "घरी बसवणार नाही तुम्हाला. मागे ग्लास पुसायला माणूस लागतोच."

"बरं," मास्तर म्हणाले.

मला त्यांचा राग आला. माझा शब्द मोडला असता तर माझा मोडला असता, त्यांचं काय जात होतं? पण ते त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर आले, इस्त्रीच्या सदऱ्यात. माझ्या शेजारी उभे राहिले आणि कोरडं फडकं हातात घेतलं. मी धुवायची, ते पुसायचे. पलीकडून पहिल्या मार्गारीटासाठी डबा हलवल्याचा आवाज आला. मास्तरांचा हात थांबला. मान किंचित कलली.

आवाज बंद झाला.

"घाई केली," ते पुटपुटले. "बर्फ अजून कडक वाजत होता."

मग त्यांनी ओला ग्लास उजेडात धरून पाहिला आणि आतून पुसायला घेतला.