खिळ्याने फाटलेलं जॅकेट

इंजिन चौकटीला धरून ठेवणारा दुसरा बोल्टही तिने बाहेर ओढला आणि आत कुठेतरी ‘टक’ असा आवाज झाला. इंजिन जरासं खाली बसलं होतं. नवा लांब बोल्ट काही केल्या भोकात शिरेना.

“मेले!” ती म्हणाली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीन थांबलं. बाबा शिंपी होते. घरामागच्या या खोलीत अर्ध्यात त्यांचं दुकान, अर्ध्यात लेकीची स्पोर्ट बाइक. गाडी घेताना त्यांनी एकच अट घातली होती: एकदा जरी पडलीस तर विकायची. तिनेही मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं होतं.

आणि गेल्या महिन्यात वळणावरच्या वाळूवरून ती घसरली. फारसं लागलं नाही, पण घरी तिने सरळ थाप मारली. गाडीवरचे ओरखडे स्टिकरखाली गेले. जॅकेट खिळ्याला अडकून फाटलं म्हणत तिने ते बाबांकडेच शिवायला टाकलं. तेव्हापासून बाबांनी गाडीकडे नुसतं पाहिलं तरी ती घाईने दुसराच विषय काढायची.

“काय झालं, ठमाबाई?”

“काही नाही. गार्ड बसवतेय.”

गार्ड म्हणजे इंजिनाच्याच भोकांत लांब बोल्टने बसणारे, कडक प्लास्टिकचे दोन ठोकळे. गाडी आडवी झालीच, तर इंजिनाआधी ते जमिनीला टेकतात. बाबा जवळ येऊन वाकले.

“दोन्ही बाजू एकदम सोडल्यास? अगं, आधी टाचून घ्यायचं, मग उसवायचं. जन्मभर माझं काम बघतेयस ना?”

“हे कापड नाहीये, बाबा.”

“कापड असतं तर मीच धरलं असतं हातात.”

कुरकुरतच ते शेजाऱ्यांकडे गेले आणि त्यांच्या मोटारीचा जॅक मागून आणला. इंजिनाखाली लाकडी फळी, फळीखाली जॅक. बाबा हँडल हळूहळू फिरवत राहिले. ती भोकाला डोळा लावून बसली.

“अजून... अजून थोडं... बास, बास!”

बोल्ट सुळकन आत गेला. दुसरी बाजूही मग मुकाट बसली. दोघांचे हात काळेकुट्ट झाले होते.

“काय गं, हे आत्ताच का सुचलं?” बाबांनी विचारलं.

तिने पुसलेला पाना पुन्हा पुसला. “सगळेच लावतात.”

“हं.”

एक चक्कर मारून बघायला हवी होती. बाबांनी हात धुतले आणि खुंटीवरचं जॅकेट तिला काढून दिलं. तिने हात घातला, तर बाही जड लागली. कोपरात जाड अस्तर होतं. खांद्यालाही होतं, अगदी कमरेपाशीही. आणि सगळं उजव्या बाजूला. ती पडली होती त्याच बाजूला.

तिचा चेहरा खर्रकन उतरला.

“बाबा, तो खिळा...”

“खिळ्याने कापड टर्रकन फाटतं. असं घासून विरत नाही.”

तिला रडूच आलं. “मग आता... विकायची?”

“विकायची असती तर डोळे फोडून अस्तर लावत बसलो असतो का?”

बाबांचा आवाज जरा चढला होता. ते मशीनपाशी जाऊन बसले. सुईत दोरा ओवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

“सावकाश जा,” ते मान वर न करता म्हणाले. “आणि आल्यावर जॅकेट इथे ठेव. डावी बाजू राहिलीय अजून.”