चतुराबाईची बदफैली

दिरानं, कडूबानं, निजामाच्या अदालतीत फिर्याद ठोकली. त्यातला एकच शब्द चतुराबाईला कळला नाही, आणि नेमका तोच तिच्यावर ठेवला होता: बदफैली. विधवेची बदफैली शाबीत झाली की नवऱ्याचं शेत दिराच्या घशात.

तिनं केलं काय होतं? ज्वारी हुरड्यात आली की ती माळ्यावर बसून पाखरं राखायची, आणि दुपारी उन्हानं रान पेंगुळलं की मेलेल्या नवऱ्याशी बोलायची. तो यायचा, शेताच्या कडेला धुऱ्यावर बसायचा, कणीस चोळत गालात हसायचा. तीही हसायची. हसनाबादच्या बाजाराला जाणाऱ्यांनी ते हसणं ऐकलं आणि त्यात एक परका पुरुष पदरचा घातला. लोकांना तेवढंच काम!

तिचे वकील मार्तंडराव जालन्याचे, भला माणूस. "बाई, बद म्हणजे फारसीत वाईट. फेल म्हणजे अरबीत कृत्य. नुसतं बोलणं हे काही कृत्य नव्हे. फक्त कोणाशी बोलत होतात, ते मुन्सफांना सांगा."

चतुराबाईला गंमत वाटली. कुठल्या कुठल्या मुलखातले हे दोन शब्द, कुठंतरी वाटेत त्यांचं जमलं, आणि बिऱ्हाड थाटायला त्यांना तिचंच दार सापडलं.

अदालतीत मुन्सफानं विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

"आमच्या मालकासंग."

"नवा मालक केला का?" कडूबा खिदळला.

"बयानात नाव लागतं," मुन्सफ म्हणाला. "नाव सांग."

तिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं सांगितलेलं. तो गेल्यावरही तिनं ते ओठांबाहेर काढलं नाही. म्हणूनच तो येतो, अशी तिची पक्की समजूत होती. नाव घेतलं तर तो जाईल, न घेतलं तर शेत जाईल. आणि शेत गेलं तर तो येणार कुठं?

"पुंजाराम," ती म्हणाली. "मरून गेल्ते, तरी येत्यात. त्यांच्यासंगच बोलून राह्यलते."

कोणी हसलं नाही. मेलेल्या माणसाशी बोलण्यात बदफैली कसली, म्हणून मुन्सफानं फिर्याद काढून टाकली.

दुसऱ्या दुपारी ती माळ्यावर चढली. ऊन तेच, रान तसंच पेंगुळलेलं. धुऱ्यावर कोणी नव्हतं. तिनं पुष्कळ वाट पाहिली. मग नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. आता ते जपायचं कशासाठी? पुन्हा मारली. ज्वारीतून भोरड्या तेवढ्या उडाल्या, आणि नवरा गेला तेव्हा रडली नव्हती तशी चतुराबाई रडली.