न वाळलेले शिंपले

आबांचं एकच मागणं होतं. डोळे मिटण्याआधी खाडीत कालवं पुन्हा धरलेली बघायची. जन्मभर त्यांनी कालवं काढली आणि खाडी ओरबाडून उजाड करण्यात आपलाही हात होता, हे ते कबूल करत. आता पुलाखाली तेवढी कालवांची एक जिवंत रांग उरली होती.

म्हणून थोरल्या लेकीने अख्खी वस्ती कामाला लावली. खानावळींतून, घराघरांतून खाल्लेल्या कालवांचे शिंपले बादल्या भरभरून येऊ लागले. कालवांची पिल्लं शिंपल्यांवरच बसतात. दुसरीकडे बसायला त्यांचे नखरे फार. मात्र शिंपले आधी वर्षभर उन्हात पडू द्यायचे, खालीवर करायचे, म्हणजे त्यांतला रोग मरतो. हे आबांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

पण आबा खंगत चालले, तसा थोरलीचा धीर सुटला. वाळलेला ढीग पुरेना. तिने ताज्या ढिगातले, आत मांस चिकटलेले शिंपले फावड्याने ओढले, जाळीच्या पिशव्यांत भरले आणि पुलाखालच्या रांगेला खेटूनच टाकले.

"अगं, ओले आहेत ते!" धाकटी म्हणाली.

"एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

कोसळलं. थंडी पडेपर्यंत पुलाखालची रांगच्या रांग तोंड वासून मेली. पाणी तपासणाऱ्या बाईंनी थोरलीला स्पष्टच सांगितलं, रोग शिंपल्यांतून आला, आता इथे कालवं धरणं कठीण. तिने हे कोणालाच सांगितलं नाही. लोक बादल्या आणतच राहिले, आणि ती हसून घेत राहिली. त्या हसण्याची तिला स्वतःलाच किळस येई.

"एक कालव आणून दाखव की," आबा रोज म्हणत. शेवटी तिने आणलं. आबांची नजर तोवर गेली होती, पण अंगठा शाबूत होता. त्यांनी उघड्या फटीतून तो आत फिरवला.

"मेलंय."

"हो आबा. सगळीच."

"शिंपले नीट वाळवले होतेस ना?"

"हो."

आबांनी शिंपला तिच्या हातात परत दिला.

"मग माझ्याच शिकवण्यात खोट असणार," ते म्हणाले. "आधी खाडी ओरबाडली, आता उरलेलीही मीच मारली."

थोरलीने तोंड उघडलं. तेवढ्यात दारात कोणीतरी बादली ठेवली.

"ताई, शिंपले आणलेत!"

"ठेवा तिथेच," ती म्हणाली. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते पुन्हा वळले नाहीत.