नमस्कार करणारं बाळ

हौशीराम जागा झाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पडल्या पडल्याच वाकला. मान खाली, गुडघे पोटाशी, दोन्ही हात छातीपुढे जुळलेले. क्षणभरात सैल पडला, लगेच पुन्हा वाकला.

"बगा, नमस्कार करतोय," त्याची आजी बयाबाई म्हणाली. "जागा झाला की आदी देवाला. सात म्हयन्यांचं पोर, पर वळन बगा."

कार्ल्यात हे सगळ्यांना पाठ होतं. दिवाळीपासून रोज सकाळी बाया नारळ घेऊन अंगणात ठाण मांडत आणि पोर जागं व्हायची वाट बघत. मागच्या जन्मीचा कुणी साधू आहे, असं ठरूनही गेलं होतं. साधूच्या आईला, झुंबरला, मात्र चुलीपुढे बसायची उसंत मिळत नव्हती. पोराला खोकला आहे असं खोटंच सांगून तिने लोणावळ्याला गाडी जुंपायला लावली होती. खरं काय ते घरात बोलायची तिची छाती झाली नव्हती.

वाकणं थांबलं आणि पोर किंचाळून रडलं.

"दर वेळी असाच रडतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," झुंबर म्हणाली. "आन् आता हसत न्हाई. आदी मला बगून लय हसायचा. आता म्होरं बसले तरी भिंतीकडं बगतो."

हे बोलून टाकल्यावर झुंबरला एकदम थकल्यासारखं झालं. ती भिंतीला टेकली.

"बाई, हा नमस्कार नव्हे," डॉक्टर हळूच म्हणाले. "ही आकडी आहे. मेंदूतून येते. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. पुड्या देतो, वाकणं कदाचित कमी होईल. हसणं परत येईल, असं मला सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर बैल आपल्या चालीने चालले होते. गाडीवान पुढे पेंगत होता. झुंबरच्या मनात सासूचा राग मावत नव्हता.

"आत्याबाई, उद्या अंगनात कुनाला घेऊ नका. म्या दार लावनार."

"लाव," बयाबाई म्हणाली. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "माजा थोरला बी असाच वाकायचा."

थोरला तान्हेपणीच गेला, एवढंच झुंबरला माहीत होतं. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे.

"लोक म्हनले, पोर झपाटलंय. पानवट्यावर बाया माज्यापास्नं लांब सरायच्या. तो गेला तवा दारात कुनी आलं न्हाई." बयाबाई बाळाच्या पायावरून हात फिरवत राहिली. "मंग ह्यो पयल्यांदा वाकला, तवा कुनी काय म्हनायच्या आदी म्याच म्हनलं, नमस्कार करतोय."

झुंबरने पोराला उचलून सासूच्या मांडीवर दिलं.

गावात शिरताना शेजारची अंबूबाई गाडीला आडवी आली.

"का गं झुंबर, आज बाळानं नमस्कार केला का न्हाई?"

बयाबाईने मान खाली घातली.

"केला की," झुंबर म्हणाली. "डागतरला बी केला."