बाई वाक्य विसरल्या

शाळेत असताना मुख्याध्यापिका दिसल्या की मी खांबाआड लपायचे, आणि बघा, म्हातारपणी मीच मुख्याध्यापिका झाले. टीव्हीवरची हो! आमची मालिका दहावीच्या वर्गातल्या पाच पोरांची. त्यांची भांडणं, रुसवेफुगवे, कोण कोणाकडे बघतं आणि कोण बघत नाही, असं सगळं. मी मध्येच वर्गात शिरायचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा आणि नुसत्या नजरेने सगळ्यांना गार करायचं. रस्त्यात मला पाहून अनोळखी पोरं घाईघाईने शर्ट आत खोचतात. खोटं कशाला बोलू, मजा येते.

आमची शाळा म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये उभा केलेला एकच वर्ग. भिंती तीनच, चौथीच्या जागी कॅमेरे. बाक खरे, फळा खरा, खिडकीबाहेरचं झाड मात्र कापडावर रंगवलेलं, आणि त्याच्यामागे चहाचा थर्मास. सेटवर माझा धाक एकाच गोष्टीचा. वाक्य बदलायचं नाही. लेखिकेने ‘आणि’ लिहिलं असेल तर ‘आणि’च म्हणायचं. नाटकात वाढलेली बाई मी, माझ्यासमोर कुणी मनाचे शब्द घुसडले की त्याची धडगत नसे.

आणि गंमत अशी की गेलं वर्षभर माझीच वाक्यं मला दगा देत होती. घरी पाठ असायची, कॅमेरा सुरू झाला की पहिला शब्दच गायब! एकदा पहिला शब्द सापडला की पुढचं सगळं धो धो यायचं, पण तो पहिला शब्द काही केल्या सापडायचा नाही. कुणाला सांगणार? वाक्य विसरणाऱ्या म्हाताऱ्या नटीला या धंद्यात दुसऱ्या दिवशी छान हार घालतात आणि तिसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी आणतात.

हे फक्त एकीला कळलं होतं. लवंगीला. तिसऱ्या बाकावरची, आकाराने एवढीशी, पण तोंड सुरू झालं की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारी. आम्ही तिला लवंगी म्हणायचो, तेच नाव लेखिकेने मालिकेतही ठेवून दिलं. एका सकाळी ही माझ्या मेकअपरूममध्ये आली, हातात संवादांची पानं. म्हणाली, “बाई, माझी वाक्यं पाठच होत नाहीयेत. जरा माझ्याबरोबर वाचता का?” तिची वाक्यं तिला तोंडपाठ होती. लबाड कुठली! पण त्या दिवसापासून रोज सकाळी ती स्टुलावर बसायची, माझ्या डब्यातलं अर्धं हक्काने खायची आणि माझी वाक्यं माझ्याकडून म्हणून घ्यायची. शॉटच्या वेळी तिसऱ्या बाकावरून नुसते ओठ हलवून पहिला शब्द दाखवायची. आवाज नाही, काही नाही. याबद्दल आम्ही दोघींनी कधी ब्र काढला नाही.

आणि चॅनेलने ठरवलं, पाचातलं एक पोर घालवायचं. कुणी गेलं की प्रेक्षक रडतात, रडले की बघतात. चॅनेलवाली स्वतः येऊन लेखिकेला सांगून गेली, आणि लेखिकेने लवंगीच्या बापाची बदली केली. एका भागात लवंगीला निरोप, की संपलं. लवंगीने ऐकून घेतलं, हसली, आणि माझ्या खोलीत येऊन दार लावून म्हणाली, “बाई, आता सकाळी उठून जायचं कुठे?” मी नुसत्या तिच्या वेण्यांच्या रिबिनी सारख्या करत राहिले. तिच्यासाठी वाईट वाटलं आणि स्वतःसाठीही, हे कबूल करायला मला लाज नाही.

आता आमच्याकडे गोष्ट जशी घडते तशी चित्रित होत नाही. जागा मिळेल तसं काम. बसस्टँड सोमवारचा मिळाला, म्हणून भागाचा शेवट, म्हणजे लवंगी बसमधून जाते तो निरोप, सोमवारीच उरकला. त्याच्या आधीचा वर्गातला प्रसंग बुधवारी. सोमवारी बस हलली, दोन लांब वेण्या खिडकीबाहेर हेलकावल्या, पोरं खरीखुरी हुंदके द्यायला लागली. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, त्याला आम्ही उंट म्हणतो, तो तर बसमागे इतका धावला की कॅमेऱ्याच्या बाहेर गेला. सहायकाने रडत रडत ओरडून सांगितलं, “लवंगीचा शेवटचा शॉट होता!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फुलं दिली, मिठ्या मारल्या. भागातला शेवटचा, कामातला नव्हे, हे त्या रडारडीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

बुधवारी सकाळी मी मेकअपरूममध्ये गेले, तर स्टुलावर कुणीतरी डोक्याला मफलर गुंडाळून बसलेलं. डोळे तेवढे दिसत होते. आमची केसांची ताई शेजारी कपाळाला हात लावून उभी.

“सहायकाचा सकाळी फोन आला, अजून एक सीन आहे म्हणून,” मफलरमधून आवाज आला. “बाई, ओरडू नका हं.” आणि तिने मफलर काढला.

वेण्या नव्हत्या! कानांच्या वर कापलेले केस, मान उघडी, आणि मधोमध एक तुरा उभा. मालिका चालू असेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही असा करार होता तिचा. त्या रिबिनींचा तिला मनस्वी राग. काम संपलं असं समजून ती स्टँडवरून रडत रडत पार्लरमध्ये शिरली होती आणि म्हणे हसत हसत बाहेर आली. मी ओरडणार होते, पण ती इतकी गोड दिसत होती की माझाच राग मला सापडेना.

तेवढ्यात दिग्दर्शक आला. वयाने माझ्या भाच्याएवढा, सदा गडबडीत, म्हणून आम्ही त्याला घाईमास्तर म्हणतो. त्याने लवंगीला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. केसांची ताई कुठूनतरी एक टोप घेऊन आली. तो कधीतरी एका भुताच्या भागासाठी आणलेला होता, एक वेणी गुडघ्यापर्यंत आणि दुसरी उंदराच्या शेपटीएवढी. लवंगीने घातला. लेखिका हसता हसता खुर्चीवरून घसरली.

“हसताय काय?” घाईमास्तर कळवळला. “वर्गात केस कापलेले आणि लगेच बसस्टँडवर एवढ्या वेण्या! केस काय एका रात्रीत उगवले? आणि स्टँड पुन्हा मिळणार नाही.”

“मग उलटं करा ना,” मी म्हटलं. “स्टँड आधी, वर्ग नंतर. वेण्यांसकट गेली आणि केस कापून परत आली. सगळं जुळतं.”

लेखिका हसायची थांबली. डोळे चमकले तिचे, मी पाहिलं. पण घाईमास्तराने दोन्ही हात जोडले. “बाई, चॅनेलला ती जायला हवी आहे. परत आली तर ती गेली कुठे? चॅनेलवाली स्वतः आज बाहेर येऊन बसली आहे. मफलर बांधूनच बसवू तिला, सर्दी झाली म्हणू. तुम्ही, प्लीज, फक्त वाक्यं म्हणा.”

फक्त वाक्यं म्हणा! चाळीस वर्षं दुसरं केलं काय मी? पण त्याने ते अशा स्वरात म्हटलं, जसं काही घरातल्या म्हातारीला सांगावं, तू गप आपली माळ ओढत बैस. मी गप्प बसले की माझी बहीण घरातून निघून जाते, इतकं तिला माहीत आहे. घाईमास्तराला माहीत नव्हतं.

सेट लागला. पोरं बाकांवर बसली. लवंगीचं डोकं त्यांनी अजून पाहिलं नव्हतं, त्यांना सर्दीच सांगितली होती. समोर टीव्हीच्या पडद्यापाशी चॅनेलवाली कानाला हेडफोन लावून बसली होती. प्रसंग साधा होता. मी वर्गात यायचं, तिसऱ्या बाकाकडे बघायचं आणि म्हणायचं, “उद्यापासून हा बाक रिकामा असेल. सवय करून घ्या.” मग लवंगीने मान खाली घालायची आणि इतरांनी रडायचं.

मी आत शिरले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. आणि आश्चर्य म्हणजे, त्या दिवशी मला वाक्य अगदी स्वच्छ आठवत होतं. समोर तिसऱ्या बाकावर मफलर हनुवटीपर्यंत खाली ओढलेला आणि दोन ओठ हलत होते. “उद्यापासून.” मी बोलत नाही हे पाहून पुन्हा, जरा घाबरून, “उद्यापासून.” स्वतःला हाकलायचं वाक्य पोरगी मला शिकवत होती. माझं चुकू नये म्हणून! त्या क्षणी माझ्या डोक्यातली तिडीक थेट जिभेवर आली.

“काय गं?” मी म्हटलं. “गेली होतीस ना तू?”

लवंगीचे ओठ उघडेच राहिले.

“स्टँडवर एवढी रडारड केली आम्ही, ती काय फुकट? आणि वर्गात डोकं झाकून बसायचं नाही. काढ तो मफलर.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला उमगलं. पोरगी हुशारच. तिने सावकाश मफलर सोडला, आणि तो तुरा टुणकन उभा राहिला.

“अगं ए!” उंट बाकावरून उठला आणि गुडघा आपटून पुन्हा बसला. “तुझ्या वेण्या?”

“जिथे गेले होते तिथेच टाकून आले,” लवंगी म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द चोख. “बाबा गेले बदलीच्या गावी. मी इथे आत्याकडे राहणार. बाई, बसू का?”

“बसलीच आहेस की,” मी म्हटलं. “पुस्तक काढ.”

पुढचं मला काही करावं लागलं नाही. पोरांनी जो कल्ला केला! उंटाने तिला बाकासकट उचलायचा प्रयत्न केला, एकीने तिच्या तुऱ्यावरून हात फिरवला, सगळे एकदम बोलत होते, हसत होते, त्यात अभिनय नावालाही नव्हता. रंगवलेल्या झाडाच्या मागे चहावाल्याने शिट्टी मारली. मी पट्टी उचलून टेबलावर आपटली, पण हसू काही आवरेना. मुख्याध्यापिका त्या मालिकेत पहिल्यांदाच हसली.

“कट! कट!” घाईमास्तर धावत आला. त्याने माझ्याजवळ येऊन, बिचाऱ्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “बाई, वाक्य विसरलात का?”

आता बघा माझी पंचाईत. ‘नाही’ म्हणावं, तर मी मुद्दाम केलं हे उघड होणार आणि तो दुसरा टेक लावणार, लवंगी घरी जाणार. ‘हो’ म्हणावं, तर वर्षभर जे झाकून ठेवलं ते सगळ्यांसमोर, चॅनेलवालीसमोर, चव्हाट्यावर. लवंगीला हे माझ्याआधी कळलं. ती बाकावरून मान हलवून मला ‘नको, नको’ म्हणत होती.

“विसरले,” मी मोठ्याने म्हटलं. शेवटच्या लाइटवाल्याला ऐकू जाईल असं. “वय झालं माझं. तोंडाला येईल ते बोलले. माफ कर बाबा.”

घाईमास्तराने पडेल चेहऱ्याने चॅनेलवालीकडे पाहिलं. तिने हेडफोन काढले होते आणि ती रुमालाने डोळ्यांतलं काजळ टिपत होती.

“मला परत दाखवा ते,” ती म्हणाली.

दाखवलं. उंटाचा गुडघा आपटला तिथे ती फिस्सकन हसली. तुरा उभा राहिला तिथे पुन्हा रुमाल काढला. बघून झाल्यावर म्हणाली, “सोमवारी रडवलंत, आज हसवलंत. मला आणखी काय हवं? राहू द्या तिला. लेखिकाबाई, पुढचं जमेल ना?”

“जमेल हो,” लेखिका म्हणाली, “पण ही आत्या मी कुठून आणू? आजवर हिला आत्याच नव्हती!” म्हणताना तिचे दोन्ही हात मात्र टाळ्या वाजवत होते.

सेटवर जो दंगा उसळला तो काय सांगू. केसांच्या ताईने भुताचा टोप हवेत भिरकावला, तो पंख्याला अडकला, आणि बहुतेक अजून तिथेच आहे.

“एक मात्र आहे,” चॅनेलवाली जाता जाता घाईमास्तराला म्हणाली, आणि मला वाटलं, आला आता तो हार. “दर वेळी असं छान जमेलच असं नाही. बाईंबरोबर रोज सकाळी कुणीतरी वाक्यं वाचत जा.”

तिसऱ्या बाकावरून एक हात ताडकन वर गेला. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ, अगदी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा. “मी वाचते,” लवंगी म्हणाली. “मला वेळ आहे.”

मेकअपरूममध्ये आल्यावर तिने दार लावलं. माझा डबा उघडला, पण खाल्लं नाही. “बाई,” तिने खाली बघत विचारलं, “आज खरंच विसरलात? मी दोनदा दाखवला पहिला शब्द.”

“इकडे बघ माझ्याकडे,” मी म्हटलं. “आणि ओठ बंद ठेव.” चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि तिला सगळं म्हणून दाखवलं. उद्यापासून हा बाक रिकामा असेल, सवय करून घ्या. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, लेखिकेने लिहिलं होतं तसं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

लवंगी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. मी डबा तिच्यापुढे सरकवला. “खा आता,” म्हटलं, “आणि उद्याची पानं काढ. मला त्यातलं काही येत नाही.”